दुसऱ्या रविवारचा ड्रॅग ब्रंच: मराठवाड्यात सोशल मीडियावर प्रसिद्धी कशी करायची

एकदाच होणारा कार्यक्रम गाजावाजावर निभावून जातो. दर महिन्याचा ड्रॅग ब्रंच, म्हणजे वेशभूषा, मेकअप आणि अभिनयातून पात्र उभं करणाऱ्या कलाकारांचा जेवणासोबतचा कार्यक्रम, तसा चालत नाही. संभाजीनगर, नांदेड किंवा लातुरात तो बघायला येणाऱ्यांपैकी बरेच जण तुमची पोस्ट लाइक करणार नाहीत, कमेंट तर मुळीच करणार नाहीत. मामेभाऊ, वर्गमैत्रीण, कंपनीतला सुपरवायझर, सगळे त्याच इन्स्टाग्रामवर असतात. ही मंडळी गुपचूप बघतात, दोन महिने नुसतीच बघत राहतात, एखाद्या मित्राला मेसेजमध्ये पोस्ट पाठवतात आणि तिसऱ्या महिन्यात येतात. त्यामुळे प्रसिद्धी करताना एकच कसोटी सतत लावायची: स्वतः कुणाच्या नजरेत न येता माणसाला आपला कार्यक्रम सापडतो का?

वार, वेळ, नाव

वार आधी ठरवा आणि मग तो हलवू नका. महिन्याचा दुसरा रविवार सगळ्यात सोयीचा. तो कायम 8 ते 14 तारखेच्या दरम्यान येतो, आणि तोवर बहुतेकांचे पगार झालेले असतात. "या महिन्यात तिसऱ्या रविवारी करू" असं एकदा जरी केलं तरी लोकांच्या डोक्यातली तारीख पुसली जाते आणि पुढचे दोन महिने पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. अपवाद वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडर समोर ठेवून जाहीर करा. 2024 साली 14 एप्रिल, म्हणजे आंबेडकर जयंती, नेमकी दुसऱ्या रविवारी आली होती. त्या दिवशी संभाजीनगरचे रस्ते मिरवणुकांचे असतात, तिथे ब्रंच ठेवणं हा शुद्ध अविचार. गणपती, नवरात्र आणि रमजानही आधीच खुणा करून ठेवा. श्रावणात अर्धी गिऱ्हाइकं मांसाहार सोडतात, म्हणून त्या महिन्यातल्या पोस्टरवर नान खलिया मिरवू नका.

वेळ 11 ते 2. दिवसाच्या कार्यक्रमाला रात्री 10 नंतरच्या लाउडस्पीकरबंदीची झळ लागत नाही, घरी "मित्राकडे जेवायला चाललो" एवढं सांगून निघता येतं, आणि जालना-परभणीकडून आलेल्यांना उजेडात परतता येतं. मराठवाडा एक्स्प्रेस सकाळी नांदेडकडून येते आणि संध्याकाळी परत जाते. बाहेरगावच्या लोकांसाठी ही माहिती एका स्टोरीत टाकून ती हायलाइटमध्ये कायमची ठेवा, पण त्या महिन्याचं वेळापत्रक तपासूनच. एप्रिल-मेमध्ये गच्चीचा विचारही नको. चाळीसच्या पुढच्या उन्हात मेकअप अर्ध्या तासात ओघळतो आणि त्या दिवसाचे फोटो पुढच्या महिन्याच्या जाहिरातीला कामाचे राहत नाहीत.

ब्रंच या शब्दाने बिचकायचं कारण नाही. उशिराचा नाश्ता आणि लवकरचं जेवण, असं एका ओळीत सांगून पुढे जा. त्यापेक्षा ताटात काय आहे ते लिहा: सुशीला, धपाटे, ज्वारीची भाकरी, ठेचा, शेवटी इम्रती. डिसेंबर-जानेवारीत "हुरडा स्पेशल" करा. ड्रॅगचं नाव न ऐकलेला माणूसही हुरड्याच्या नावाने पोस्ट उघडतो.

परदेशातल्या ड्रॅग ब्रंचच्या पोस्टरवर दारूचे ग्लास सर्रास दिसतात. त्यांची नक्कल करू नका. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली मद्याची जाहिरात करता येत नाही. जागेकडे परवाना असला तरी ग्लास, बाटली, "अनलिमिटेड" यातलं काहीही पोस्टरवर येऊ देऊ नका. पन्ह्याचा ग्लास फोटोत तितकाच छान दिसतो.

पोस्टर

सगळ्यात महागडी चूक एका चंद्राची आहे. बऱ्याच फॉन्टमध्ये आणि मोबाइलच्या ऑटोकरेक्टमध्ये "ड्रॅग" मधला ॲ गळतो आणि पोस्टरवर छापलं जातं "ड्रग ब्रंच". असं पोस्टर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं की पुढचा फोन पोलीस ठाण्यातून येतो, आणि जागेचा मालक पुन्हा तुमचा फोन उचलत नाही. मुक्ता किंवा बलू हे मोफत मिळणारे युनिकोड फॉन्ट वापरा. फाइल तयार झाल्यावर ती दुसऱ्याच फोनवर उघडून "ड्रॅग", "दुसऱ्या" आणि "प्रवेश" हे तीन शब्द नीट उमटलेत का बघा. कॅप्शनही टाकण्याआधी दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

नेहमीच्या कार्यक्रमाची दुसरी अडचण जुन्या पोस्टरची. मार्चचं पोस्टर जूनमध्ये कुणीतरी ग्रुपवर टाकतं आणि दोघं-चौघं भलत्याच रविवारी दारात येऊन उभे राहतात. त्यामुळे मांडणी तीच ठेवा पण दर महिन्याला रंग बदला, "भाग 4", "भाग 5" असा मोठा आकडा द्या आणि तारखेसोबत महिना व साल लिहा. "येत्या रविवारी" हे शब्द पोस्टरवर कधीच नकोत.

मापं दोनच लक्षात ठेवा. पोस्टसाठी 1080 × 1350 पिक्सेल, स्टोरी आणि रीलसाठी 1080 × 1920. या दुसऱ्या मापात वरचे 250 आणि खालचे किमान 350 पिक्सेल मोकळे सोडा, नाहीतर खात्याचं नाव आणि बटणं तुमच्या तारखेवर येऊन बसतात. पोस्टरवर असू द्या: नाव, भाग क्रमांक, तारीख, वेळ, परिसर, रक्कम, 18 वर्षांवरील असा उल्लेख आणि बुकिंग कसं करायचं. एवढंच. पूर्ण पत्ता नको. "सिडको परिसर" किंवा "जालना रोड" पुरे. नेमकी जागा बुकिंग झाल्यावर कळवायची. याने थोडी बुकिंगं कमी होतात हे खरं, पण दारात तमाशा करायला येणाऱ्याला पत्ता सहज मिळत नाही.

शहराच्या नावाचंही बघा. काही जण छत्रपती संभाजीनगर शोधतात, काही अजून औरंगाबाद. तसंच धाराशिव आणि उस्मानाबाद. पोस्टरवर एकच नाव ठेवा आणि दुसरं कॅप्शनच्या शेवटी हॅशटॅगमध्ये द्या. दोन्ही ठळक लिहिली तर कमेंटमध्ये नावावरून भांडण पेटतं आणि ड्रॅगचा विषय बाजूलाच राहतो.

खाती उघडताना

कार्यक्रमाचं खातं वेगळ्या ईमेलवर आणि वेगळ्या सिमवर उघडा. तुमच्या घरच्या नंबरवर उघडलं तर संपर्क सिंक केलेल्या काकांना अ‍ॅप ते खातं आपणहून सुचवू शकतं. हीच गोष्ट प्रत्येक कलाकाराला सांगा. सेटिंगमध्ये संपर्क सिंक बंद करा आणि इन्स्टाग्रामची पोस्ट फेसबुकवर आपोआप जाण्याची सोयही बंद करा. नातेवाईक फेसबुकवर बसलेले असतात.

खातं व्यवसायाचं असलं की गाजलेली गाणी रीलला लावायची मुभा फार मर्यादित असते. क्रिएटर खात्याला ती जास्त मिळते, म्हणून तेच निवडा. प्रोफाइलच्या माथ्यावर तीन पोस्ट पिन करता येतात. पहिली, ड्रॅग म्हणजे काय. दुसरी, पुढची तारीख. तिसरी, फोटो आणि गोपनीयतेचे नियम. तिसरी पोस्ट कंटाळवाणी वाटते, पण नवखा माणूस बुकिंगच्या आधी तीच दोनदा वाचतो.

पहिल्या पोस्टचा मजकूर साधा ठेवा: ड्रॅग ही रंगमंचावरची कला आहे. वेशभूषा, मेकअप, गाण्यावर ओठ हलवत केलेला अभिनय आणि विनोद यातून कलाकार एक पात्र उभं करतो. कलाकार पुरुष, स्त्री, ट्रान्सजेंडर, कुणीही असू शकतो. पात्रावरून त्याची ओळख ठरत नाही. ड्रॅग क्वीन आणि तृतीयपंथी हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका, दोन्हीकडची माणसं दुखावतात. मराठी वाचकाला समजावायला जवळचा धागा आहेच. संगीत नाटकातली स्त्री पार्टी, बालगंधर्वांच्या नऊवाऱ्या, तमाशातला नाच्या. इथेच थांबा. पैठण जवळ आहे आणि भारुडात पुरुष लुगडं नेसून उभा राहतो हेही खरं, तरीही संतांची नावं, देवीची गाणी, आराधी किंवा जोगत्यांचे फोटो तिकीट विकायला वापरू नका. त्यावरून उठलेला वाद तुम्हाला आवरणार नाही, आणि ज्यांची ती श्रद्धा आहे त्यांच्यावरही तो अन्याय आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढायचा नाही. हे लालेलाल अक्षरांत लिहून ठेवा. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. एका स्क्रीनशॉटने चाळीस जणांची नावं शहरभर होतात. त्याऐवजी चॅनेल काढा. तिथे एका फॉलोअरचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. ब्रॉडकास्ट लिस्टही चालते, तिची मर्यादा 256 जणांची आहे, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. "मी सांगतो पण कुणाला मिळतच नाही" या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं.

तीन आठवड्यांचं वेळापत्रक

21 दिवस आधी: कलाकार नक्की करा. प्रत्येकाकडून रंगमंचावरचं नाव देवनागरीत कसं लिहायचं, ती म्हणायचं की तो, तीन फोटो, 15 सेकंदांच्या दोन क्लिप आणि मानधनाचा आकडा लेखी घ्या. त्याच मेसेजमध्ये त्यांनी किती पोस्ट टाकायच्या तेही ठरवा. एक कोलॅब रील (तुमच्या आणि कलाकाराच्या, दोन्ही खात्यांवर दिसणारी) आणि दोन स्टोऱ्या हे वाजवी. कोलॅब पोस्ट कलाकाराच्या सगळ्या फॉलोअर्सना दिसते, त्यात घरचेही असू शकतात, म्हणून दर वेळी नव्याने विचारायचं. मागच्या महिन्यात हो म्हटलं होतं, ही परवानगी नव्हे.

18 दिवस आधी: जागेच्या मालकाला पोस्टर दाखवा आणि "चालेल" असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. कार्यक्रम झाल्यावर त्याच्या हॉटेलला टॅग करायचं की नाही हेही विचारा. टॅग केलं की त्याच्या गुगलवरच्या रेटिंगवर एक-एक तारा टाकणारी टोळी येऊ शकते, हे त्याला आधीच सांगितलेलं बरं. "हे कायदेशीर आहे ना?" असं तो विचारेल. ड्रॅग सादर करणं गुन्हा नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंधही तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 377 मधून बाहेर आले. कार्यक्रमाच्या परवान्यांचं कोण बघणार, हेही याच बैठकीत ठरवा, आणि स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवून पोच घ्या.

14 दिवस आधी: तारखेचं पोस्टर आणि बुकिंग एकदमच सुरू करा. आधी पोस्टर आणि चार दिवसांनी बुकिंग असं केलं तर पहिल्या दिवशीचा उत्साह वाया जातो.

10 ते 4 दिवस आधी: आठवड्यात दोन रील, रोज एक-दोन स्टोऱ्या. यापेक्षा जास्त नको, लोक म्यूट करतात. रीलमध्ये पहिल्या दोन सेकंदांत चेहरा आणि बोलणं हवं. मेकअपच्या आधीचा आणि नंतरचा चेहरा दाखवणारी रील सगळीकडे चालते, पण मेकअपशिवायचा चेहरा दाखवायला कलाकाराची वेगळी परवानगी घ्या. अनेकांचं सगळं आयुष्य त्या दोन चेहऱ्यांमधल्या अंतरावर उभं असतं. शूटिंग खिडकीच्या उजेडात करा. फ्लॅश मारला की पावडर पांढरी फटक उमटते आणि विगची कड उघडी पडते.

बोली वापरा, पण ज्या गावची त्या गावाला. संभाजीनगरसाठी "रविवारी काय करू लागले? अकराला या. भाकरी गरम, राणी तयार." लातूरकडे "काय करलालाव रविवारी?" असं म्हणा. पुण्या-मुंबईची छापील मराठी इथे बँकेच्या नोटिशीसारखी वाटते. निवेदक दखनी हिंदीत बोलणारा असेल तर तेही छान, शहराचा अर्धा विनोद त्याच भाषेत आहे.

गप्प बसणाऱ्या प्रेक्षकासाठी स्टोरीतला प्रश्नांचा स्टिकर फार उपयोगी. कुणी विचारलं ते फक्त तुम्हाला कळतं. उत्तर टाकताना विचारणाऱ्याचं नाव दिसत नाही. "एकटं आलं तर चालतं का?", "गे नसलो तरी येऊ का?", "शाकाहारी आहे का?" हे प्रश्न दर महिन्याला येतात. उत्तरं हायलाइटमध्ये साठवा.

शेवटचे तीन दिवस: उरलेल्या जागांचा खरा आकडा सांगा. 60 पैकी 40 रिकाम्या असताना "हाउसफुल्ल होत आलं" म्हणाल तर रविवारी आलेले लोक रिकाम्या खुर्च्या मोजतात आणि पुढच्या महिन्यात शेवटच्या क्षणापर्यंत बुकिंग करत नाहीत.

पैसे घालून जाहिरात

पहिले दोन भाग पैसे घालूच नका. प्रोफाइलवर आधी काहीतरी दिसायला हवं, नाहीतर जाहिरातीवरून आलेला माणूस रिकामं खातं बघून परत जातो. तिसऱ्या भागापासून दिवसाला 200 रुपये, पाच दिवस, म्हणजे 1000 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी. शहराभोवती 25 किलोमीटर, वय 18 च्या पुढे. जालन्यासाठी वेगळी जाहिरात करा. ते साधारण 60 किलोमीटरवर आहे आणि तिथल्या माणसाला परतीच्या प्रवासाची ओळ वाचायची असते.

लैंगिकतेशी संबंधित आवडीनिवडींवर नेम धरायचे जाहिरातीतले पर्याय मेटाने, म्हणजे इन्स्टाग्राम-फेसबुकच्या कंपनीने, 2022 मध्ये काढून टाकले. ते शोधत बसू नका. फॅशन, मेकअप, नाटक, स्टँडअप, खाणं हे पर्याय घ्या. मजकुरातही वाचकाच्या ओळखीवर बोट ठेवायचं नाही. "तुम्ही समलिंगी आहात? मग या!" ही ओळ असली की जाहिरात नाकारली जाते, कारण बघणाऱ्याच्या लैंगिकतेबद्दल गृहीत धरणं नियमात बसत नाही. आणि समजा मंजूर झालीच, तर ती ओळ कुणाच्या फोनवर कुणासमोर उघडेल याचा विचार करा. "रविवारची दुपार, धपाटे आणि तीन ड्रॅग कलाकार" एवढं पुरतं. ज्या रीलला सिनेमाचं गाणं लावलंय ती पैसे देऊन पुढे ढकलता येत नाही. जाहिरातीसाठी निवेदकाच्या आवाजातली वेगळी आवृत्ती काढून ठेवा.

बुकिंग आणि दौलतजादा

"येणार" म्हणणाऱ्यांवर ताट मोजू नका. फुकट नोंदणीत गळती ठरलेली. निदान 100 रुपये आगाऊ घ्या आणि ते जेवणाच्या रकमेत वळते करा. फॉर्ममध्ये नाव विचारताना "हाक मारायचं नाव" असं लिहा. आधार, पत्ता, कॉलेज काहीही नको. वयाचा पुरावा दारावर बघायचा, फोटो काढून ठेवायचा नाही. पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट फोनच्या गॅलरीत साठत जातात. हिशेब झाला की पुसा.

आता टिपचं. तमाशाच्या दौलतजादाची आठवण इथे सगळ्यांना असते, त्यामुळे नोटा उधळायचा मोह होतो. नोटा उधळायच्या नाहीत हे स्टोरीत आधीच सांगा, पेटी ठेवा. कलाकाराचा स्वतःचा क्यूआर कोड मात्र पोस्टवर किंवा टेबलावर कधीही लावू नका. पैसे पाठवताना समोरच्या स्क्रीनवर बँकेतलं खरं नाव झळकतं, आणि रंगमंचावरची राणी एका क्षणात अमुक अमुक पाटील होते. एकच क्यूआर आयोजकांचा ठेवा आणि संध्याकाळी कलाकारांसमोर मोजून वाटा.

घाण कमेंट

येणारच. पहिल्या पोस्टच्या आधीच इन्स्टाग्रामच्या लपवलेल्या शब्दांच्या यादीत शिव्या भरून ठेवा: देवनागरीत, रोमन लिपीत आणि मधे टिंब किंवा आकडा घालून लिहितात त्या रूपातही. छक्का, बायल्या, गुड हे तर हवेतच, सोबत स्थानिक आईबहिणीही. एखादी रील अचानक बाहेर पसरली की दोन दिवस कमेंट फक्त फॉलोअर्सपुरत्या ठेवा. उलट उत्तर देऊ नका. कमेंटमधल्या भांडणाने पोस्ट आणखी पसरते, आणि नेमकी ज्यांच्यापर्यंत जायला नको त्यांच्यापर्यंत.

शिवी आणि धमकी यांत फरक करा. तारीख, जागा किंवा कुणाचं नाव घेऊन लिहिलेली गोष्ट म्हणजे धमकी. ती पुसण्याआधी खात्याचं नाव, लिंक आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मग पोच घेतलेल्या त्याच पोलीस ठाण्यात द्या. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. कार्यक्रम पुढे ढकलावा लागला तर बुकिंग केलेल्यांना एकेकट्याने कळवा. कारण सार्वजनिक पोस्टमध्ये लिहायचं नाही, धमकावणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

त्या दिवशी आणि नंतर

दारातच मनगटाला फीत बांधा: हिरवी म्हणजे फोटो चालेल, लाल म्हणजे नाही. फीत न घेणारा लालच समजा. प्रेक्षकांचे फोटो पाठीमागून, रंगमंच समोर ठेवून काढा. लाइव्ह करू नका. गाण्यामुळे आवाज कापला जातो आणि प्रेक्षकांचे चेहरे जातात, म्हणजे दोन्हीकडून तोटा. लोक जागेत असेपर्यंत लोकेशन टाकायचं नाही.

पुढची तारीख निवेदकाने मंचावरूनच सांगावी आणि त्या रात्रीपर्यंत बुकिंग करणाऱ्याला 50 रुपये सूट द्यावी. दारात प्रत्येकाला "कुठून कळलं?" विचारून कागदावर रेघा मारा: इन्स्टाग्राम, चॅनेल, कलाकार, मित्र. लाइकचे आकडे बघण्यापेक्षा हा कागद पुष्कळ खरं बोलतो. इन्स्टाग्रामवर बघायचंच तर किती जणांनी पोस्ट सेव्ह केली आणि किती जणांनी पुढे पाठवली ते बघा. इथला प्रेक्षक त्याच दोन बटणांतून बोलतो.

फोटो 48 तासांच्या आत टाका. आधी कलाकारांना दाखवा, लाल फितीचे चेहरे पुसट करा आणि मोठ्या पडद्यावर एकदा सगळी पार्श्वभूमी तपासा, आरशात आणि काचेत माणसं सापडतात. नंतर कुणी "माझा फोटो काढा" म्हटलं, तर कारण न विचारता त्याच दिवशी काढा: पोस्टमधून, हायलाइटमधून, कलाकाराच्या खात्यावरून आणि चॅनेलवरूनही. कॅरोसेलमधलं, म्हणजे अनेक चित्रांच्या पोस्टमधलं, एकच चित्र काढता येतं, त्यासाठी आख्खी पोस्ट उडवावी लागत नाही.